न्हाणीच्या फरशीखाली

ओर्नेलाच्या कानावर आधी वाळू घरंगळल्याचा आवाज आला, मग उजेड गेला.

ती न्हाणीच्या फरशीखाली पोटावर पडून होती. दोन हजार वर्षांपूर्वी, रोमजवळच्या साबिना डोंगरातल्या आपल्या मळ्यात कुणा रोमन जमीनदाराने थंडीची सोय केली होती: विटांचे बुटके खांब, त्यांवर फरशी आणि मधल्या दीड हात पोकळीत भट्टीची गरम हवा. ती पुढे भिंतीत चिणलेल्या मातीच्या नळ्यांतून वर जायची. आता तिथे कोळी होते आणि ओर्नेला. एका खांबाला तडा गेला होता, त्याचं माप तेवढं राहिलं होतं.

खाली उतरणाऱ्याने आपली थापी पोकळीच्या तोंडाशी मातीत रोवायची, हा उत्खननावरचा नियम. थापी दिसली की आत माणूस आहे. तिने रोवली होती. पण आज हंगामाचा शेवटचा दिवस. आज सगळ्या थाप्या गोळा करून धुतात आणि हिवाळ्यात फरशी फुटू नये म्हणून ती वाळूने झाकतात. हे डोक्यात येताच ती ओरडली.

"अहो, थांबा. मी आत आहे."

वर ट्रक घरघरत होता. तोंड बुजलं. ती वाळू ओढू लागली, तर ओढावी त्याच्या दुप्पट आत येई. टॉर्चच्या उजेडात तड्यातून विटेचा भुगा झरताना दिसला. फरशीवर वजन चढत होतं. ती इतकी घाबरली, की स्वतःचा श्वासही तिला नकोसा झाला.

ट्रक थांबला. जेवणाची सुट्टी. घसा बसेपर्यंत ती ओरडली. कोणी आलं नाही.

मग तिला ओरेस्ते आठवला. हा म्हातारा मुकादम दर हंगामाच्या शेवटी घरची वाइन आणायचा आणि पहिला पेला भिंतीतल्या नळीत ओतायचा, जुन्या मालकांसाठी. सकाळीच तिने त्याची टर उडवली होती.

"काका, मेलेल्यांना कशाला छळता? तुमची वाइन म्हणजे नुसतं व्हिनेगर."

"हस पोरी, हस. ज्यांच्या घरात राबतो त्यांना विचारायला नको?"

कोपरांवर सरकत ती भिंतीकडे निघाली. दोन खांबांत कंबर अडकली, श्वास सोडला तेव्हा सुटली. तो दरवर्षी ओतायचा त्या नळीच्या खालच्या तोंडाला गाल लावून ती पडून राहिली. त्याचं ओतून झालं असेल तर? आता एकदम पुढच्या उन्हाळ्यात कोणी उकरेल.

गालावर ओलं काहीतरी पडलं. आंबूस वास आला.

"ओरेस्तेकाका!"

वर पेला फुटला. पावलं पळत लांब गेली. म्हातारा भुताला भ्याला होता. ओर्नेलाला रडू फुटलं. मग नळीत तोंड खुपसून तिने उरलासुरला आवाज काढला.

"काका, व्हिनेगरच आहे. गेल्या वर्षीपेक्षा वाईट."

पावलं एकेक करत परत आली. मग वरून, अगदी हळू: "ओर्नेला?"

आधी फरशीवरची वाळू उतरली, मग तोंड मोकळं झालं. तिथे ओरेस्तेने कोणाला फावडं लावू दिलं नाही, हातांनीच उकरलं. ती बाहेर आली तेव्हा त्याला तिच्याकडे बघवेना. त्याने कमरेची थापी काढून पुढे केली. धुऊन पुसून लख्ख केलेली, तिची थापी.

"मीच उचलली, पोरी. म्हटलं, आजसुद्धा पसारा टाकून गेली."

तिने हात पुढे केला. थापीऐवजी त्याचा हातच घट्ट धरला, तशी थापी वाळूत पडली. ती उचलायला कोणीच वाकलं नाही.