मेघपटलाआडची ज्योत

वैशाखाची दुपार. टेकडीवरच्या वेधशाळेच्या अंगणात बहावा फुललेला. पीतवर्ण, प्रभामय, घोसाघोसांनी ओथंबलेला. आणि आत, पडदे ओढलेल्या खोलीत, वैजयंती तारा पाहत बसलेली. भर दुपारी तारा? हो, भर दुपारीच! क्ष-किरणांची दुर्बीण अंतराळात फिरते. तिला कुठला दिवस आणि कुठली रात्र.

तारा म्हणजे एक श्वेतबटू. इवलासा, पण महाहट्टी. शेजारच्या रक्तवर्ण, विशालकाय ताऱ्याचं वायुवस्त्र ओढत ओढत अंगावर घेतो, वर्षानुवर्षं घेतो, आणि एके दिवशी भडकतो. भडकतो, निवतो, पुन्हा साठवतो, पुन्हा भडकतो. पण भडकताना स्वतःभोवतीच मेघ उधळतो, घनदाट, ज्वालागर्भ. तो मेघ विरळ झाल्याखेरीज आतली ज्योत क्ष-किरणांत दिसत नाही. किती दिवसांनी विरेल, ते त्याचं त्यालाच ठाऊक.

एकवीस वर्षांपूर्वी हा भडकला तेव्हा या खुर्चीत खांबेटे सर होते, आणि वैजयंती त्यांची विद्यार्थिनी. अठ्ठावीस दिवस त्यांनी नुसता काळोख पाहिला. सर पडले भिडस्त. "आपण अडवून काय बसायचं गं, दुसऱ्यांचीही कामं खोळंबलीत," म्हणाले, आणि दुर्बिणीचा उरलेला वेळ देऊन टाकला. त्यानंतर सहाव्याच दिवशी मेघ विरला, ज्योत प्रकटली, आणि पाहिली ती भलत्याच कुणी! सरांनी त्यांचं तोंडभरून कौतुक केलं. घरी जाऊन जेवले मात्र नाहीत.

एकवीस वर्षं ते झुरले. मधल्या काळात काचबिंदूने डोळे नेले. ओढ काही नेता आली नाही. यंदा चैत्रात तारा पुन्हा भडकला, तसे ऐंशी वर्षांचे सर रोज रिक्षाने येतात, इस्त्रीचा सदरा घालून, जणू कुणाला भेटायचंय. शेजारच्या खुर्चीत बसतात. "आलं का गं?" "नाही, सर." रोज हेच.

मागच्या खेपेला ज्योत दिसली तो चौतिसावा दिवस आला तसा गेला. अंधारच. आज चाळिसावा, आणि सकाळीच दुर्बिणीचा वेळ वाटून देणाऱ्या समितीचा फोन: काही दिसत नसेल तर दुर्बीण दुसरीकडे वळवू का?

"देऊन टाक," सर हळूच म्हणाले. "माझ्यापायी उगाच तुला वाईटपणा."

"सर, आज तुम्ही एक अक्षर बोलायचं नाही!" वैजयंती कडाडली, आणि फोनवर ठणकावून सांगितलं, "माझी वेळ मी सोडणार नाही."  पुन्हा भडकेल तेव्हा सर नसतील, हे का तिला कळत नव्हतं?

दुपारी दोनला दुर्बिणीचा संदेश उतरला. पडद्यावर तोच काळोख, निःशब्द, निश्चल. मग त्यात एक ठिपका. एक किरणकण. मग आणखी एक.

"आलं का गं?"

 वैजयंतीने सरांचा हात ओढून घेतला, तळवा उघडला, आणि कण दुर्बिणीत ज्या तालात उतरले होते त्याच तालात बोटाने त्यावर टिचक्या देऊ लागली. टक. टक. बराच वेळ काहीच नाही. टक, टक. अंतराळातून हजारो वर्षं चालत आलेला एकेक कण, सुरकुतल्या तळव्यावर एकेक.

सर खुर्चीत पुढे सरकले. "हा... हा तोच?"

"तोच, सर."

टक टक, टक टक टक. मेघ विरत होता, ज्योत उघडत होती, कणामागून कण, कणामागून कण. बघता बघता इतके आले की तिची बोटं पुरेनात. तेव्हा तिने अख्खा हातच त्यांच्या हातावर ठेवला.

सरांनी मूठ मिटली. बाहेर बहावा झडत राहिला, पिवळा, पिवळा, पिवळा. संध्याकाळ झाली, रिक्षा दाराशी आली, आणि सर मूठ उघडेनात.