मिलार्डच्या गोठ्यातले फोटो

लष्कराने टाकून दिलेला अडीच टनी ट्रक लिलावात मिळवणं अवघड नसतं. बोली लावायची आणि आपल्याहून वेडा कोणी आलेला नसेल अशी आशा करायची, बस्स. अवघड असते ती नंबरप्लेट. प्लेट हवी तर आधी विमा हवा, आणि विमा हवा तर कंपनीला पटवावं लागतं की हे धूड बारा महिने बंद छपराखाली, कुलपात राहतं. मिनेसोटातल्या सभ्य माणसाच्या गॅरेजचं दार मोटारीच्या मापाचं असतं. ट्रक त्यात नाक खुपसू शकतो, एवढंच.

त्यामुळे ऑर्लिन ब्रेक्केचा ट्रक घरामागे झाडांखाली उघड्यावर उभा असे. कागदावर मात्र तो मिलार्ड स्टोर्लीच्या गोठ्यात राहायचा. त्याच्या दोन शेजाऱ्यांचे, व्हर्जिलचा आणि नुडसनचा, ट्रकही कागदावर तिथेच राहायचे. खरोखर तिथे राहणारा ट्रक एकच, मिलार्डचा स्वतःचा.

दर ऑक्टोबरात विम्याचं नूतनीकरण आलं की तिघे आपापला ट्रक घेऊन मिलार्डच्या दारात रांग लावत. गाई विकल्यापासून गोठ्यात मिलार्डच्या ट्रकखेरीज काही नसे, तोही तेवढ्यापुरता बाहेर काढायचा. एकेकाने आत जायचं, फोटो काढायचा, बाहेर यायचं. मागची भिंत तीच ती दिसू नये म्हणून प्रत्येक जण घरून काहीतरी टांगायला आणायचा. ऑर्लिन आजोबांची बर्फावरची घसरगाडी आणी, व्हर्जिल बायकोने मारलेल्या हरणाची शिंगं. "फोटोत जे दिसत नाही ते मला दिसत नाही," असं विमा एजंट डॅर्लीन म्हणे आणि त्यांनी आणलेला केक खाई. पाप असं सगळ्यांत सारखं वाटलेलं होतं. आमच्याकडच्या ल्युथरन ख्रिश्चनांना ते बरं वाटतं.

ऑर्लिनला या सगळ्यातून एकच दिवस हवा असायचा. मे महिन्याच्या शेवटच्या सोमवारी, युद्धात पडलेल्यांच्या स्मृतिदिनी, तो गावातले उरलेसुरले माजी सैनिक ट्रकमध्ये बसवून कबरस्तानापर्यंत मिरवणुकीने नेई. तरुणपणी लष्करात असताना जर्मनीत त्याने असाच ट्रक चालवला होता. बायको गेल्यानंतर लोक त्याला हाका मारून थांबवत ते त्या दिवसापुरतंच. प्लेट गेली असती तर तो दिवसही गेला असता.

फेब्रुवारीत तीन दिवस बर्फ पडला आणि मिलार्डचा गोठा खाली बसला. मिलार्डने पहिला फोन ऑर्लिनला केला. "आत आहे रे माझा ट्रक," एवढंच तो बोलला आणि रडला. अर्ध्या तासात तिघे ट्रक घेऊन हजर. दुपारपर्यंत त्यांनी वासे उपसले. मग ऑर्लिनने आपल्या ट्रकचा पोलादी दोर मिलार्डच्या ट्रकला अडकवला आणि त्याला निम्मा बाहेर ओढला. तेवढ्यात मिलार्डने गोठ्याच्या भरपाईसाठी बोलावलेली, ट्रकांचा विमा उतरवणाऱ्या त्याच कंपनीची सर्व्हेअर आली. केल्सी नावाची, नातीच्या वयाची पोरगी. बूट मात्र योग्य घातलेले.

तिने ढिगाऱ्याभोवती फेरी मारली आणि दारावरच्या तुळईपाशी वाकली.

"ही कापलीये. जुनीच आहे कापाकापी. छप्पर हिच्यामुळेच बसलं असणार. कोणी कापली?"

आता ही तुळई का कापली ते चौघांनाही ठाऊक होतं. मिलार्डच्या ट्रकच्या टपावर मशीनगन बसवायची लोखंडी रिंग होती. बाकीच्यांचे ट्रक कापडी छत उतरवलं की दारातून आत जात, मिलार्डचा जात नसे.

"काढ की ती रिंग, लेका," व्हर्जिल तेव्हा म्हणाला होता.

"मग उरलं काय? दुधाची गाडी?"

म्हणून एका रविवारी तिघांनी तुळई कापून दार उंच केलं. करवत ऑर्लिनच्या हातात होती. मिलार्डने पाण्यासारखी कॉफी केली आणि डोळे पुसत म्हणाला, "आजपासून हा गोठा आपल्या चौघांचा."

केल्सीला सांगायला एक नाव तयार होतं: गावातला एक सुतार नाताळात वारला होता. त्याच्यावर काहीही ढकललं असतं तरी तो रागावला नसता. ऑर्लिनने मिलार्डकडे तशा अर्थाने पाहिलंसुद्धा.

मिलार्डने नजर बर्फात रोवली. "यांनी कापली, मॅडम. यांना इथे गाड्यांचे फोटो काढायचे असतात ना. मी म्हटलं होतं, छपराला झेपायचं नाही. पण शेजाऱ्यांना नाही कसं म्हणायचं?"

केल्सीने तिन्ही ट्रकांकडे पाहिलं. तिन्हींच्या टपावर तीन दिवसांचा बर्फ जसाच्या तसा होता. "फोटो इथे काढायचे," ती हळूच म्हणाली, "आणि गाड्या कुठे ठेवायच्या?"

तिघांनी आपापल्या ट्रकच्या टपाकडे पाहिलं.

"मला हे लिहावं लागेल," ती म्हणाली. तिला खरोखर वाईट वाटलेलं दिसत होतं. "पॉलिसी बंद होतील. प्लेटचं तुम्हाला माहितीच आहे."

"तुझा काय दोष त्यात, पोरी," ऑर्लिन म्हणाला.

तो सावकाश चालत दोरापाशी गेला. मिलार्डच्या ट्रकची रिंग ढिगाऱ्यातून वर आली होती. तिला खरचटलंसुद्धा नव्हतं. ऑर्लिनने हूक सोडवला आणि दोर गुंडाळायला घेतला.

"अरे! निम्माच निघालाय!" मिलार्ड ओरडला. "आज रात्री पुन्हा बर्फ आहे, ऑर्लिन!"

"ऐकलंस ना ती काय म्हणाली? माझ्या गाडीला आता विमा नाही. बिनविम्याच्या गाडीने तुझी गाडी ओढायची म्हणजे... उद्या काही झालं तर तुला उगाच माझं नाव सांगावं लागेल."

"असं काय करतोस? मी काय मुद्दाम..."

"कॉफी कर," ऑर्लिन म्हणाला. "ती तुला जमते."

व्हर्जिल आणि नुडसनने आपापली इंजिनं सुरू केली. तिघे एकामागून एक गावातून निघाले, ऑर्लिन पुढे. बेकरीसमोर फावड्याने बर्फ काढणारी म्हातारी थांबली, आज कसली मिरवणूक ते तिला कळेना, तरी तिने हात हलवला.

ऑर्लिनने वेग कमी केला आणि खिडकीतून हात बाहेर काढून तोही हलवला, मे महिन्यात हलवायचा तसा.