पाचवं रीळ

आर्विड निएमेला अमेरिकेतल्या डुलुथ गावच्या एका साप्ताहिकात एकतीस वर्षं सिनेमावर लिहीत होता. सदराचं नाव 'नवं-जुनं': दर आठवड्याला एक ताजा सिनेमा, एक जुना. ताज्याची तो सालटी काढायचा आणि जुन्याला डोक्यावर घ्यायचा. अंतराळातल्या नव्या भव्य सिनेमाला त्याने 'महागडा कंटाळा' म्हटलं, तर मूक जमान्यातल्या एका विनोदी सिनेमासाठी संपादकाशी भांडून अख्खं पान घेतलं.

पण त्याचं नाव झालं ते अगदी सुरुवातीच्या एका लेखाने. 'काळा ओढा' नावाचा जुना सिनेमा गावातल्या थिएटरात लागला होता. त्यात नवरा पुरात मरतो आणि पुढच्याच प्रसंगात हसत घरात शिरतो. "काळालाच कात्री लावणारी हिंमत," असं आर्विडने लिहिलं आणि त्या एका वाक्यावर तो पुढे नव्या दिग्दर्शकांना झोडपत राहिला.

या शनिवारी दुपारी वाचनालयात त्याच सिनेमाची नवी, स्वच्छ केलेली प्रत दाखवायची होती. आर्विडने आधी उभं राहून साठेक माणसांना बजावलं, "नवरा मेला की डोळे उघडे ठेवा. असलं धाडस आज कुणाच्या बापाला जमायचं नाही!"

नवरा मेला. लोक सरसावून बसले. बायकोने त्याला पुरलं, घर विकलं, गाडीत बसून निघून गेली आणि सिनेमा संपला. नवरा काही परत आला नाही. दिवे लागले तेव्हा पुढच्या रांगेतली दोन-चार डोकी मागे वळली आणि आर्विडला आपले कान तापल्याचं जाणवलं.

कॉफीच्या टेबलाशी शेजारचा रॉल्फ म्हणाला, "वेगळा होता हं." डुलुथमध्ये याहून वाईट शिवी कुणी देत नाही.

"मी पाहिलेली प्रत निराळी होती," आर्विडने ठोकून दिलं. "तेव्हा दोन-दोन प्रती काढायचे."

"दोन कुठल्या? एकच होती," मागून आवाज आला. डोलोरेस पेट्रिच. 'काळा ओढा' लागला होता त्या, आता बंद पडलेल्या थिएटरात सव्वीस वर्षं प्रोजेक्टर चालवलेली, आता चौऱ्याऐंशीची. "नवरा मरतो ते पाचवं रीळ चौथ्याच्या आधी चढवलं मी. नात तापाने फणफणली होती, माझं लक्ष नव्हतं."

आर्विडला हायसं वाटलं. "म्हणजे चूक तुमची होती तर!" रॉल्फला ऐकू जाईल अशा आवाजात तो म्हणाला.

"माझीच. पण मी कळवलं होतं की तुला. पत्र टाकलं होतं. मालक हाकलेल म्हणून सही नाही केली."

पत्र त्याला लख्ख आठवलं. रिळं मागेपुढे लागली असावीत, एवढंच होतं त्यात. त्याने ते सदरात छापलं होतं आणि खाली लिहिलं होतं, "या वाचकाला सिनेमातलं काय कळतं? त्याने हवामानाच्या बातम्या बघाव्यात." गाव आठवडाभर हसलं होतं.

आणखीही एक आठवलं, जे त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं. पडद्यावर मेलेला नवरा दारातून आत आला तेव्हा थिएटरातले लोक फिदीफिदी हसले होते आणि आर्विडलाही वाटलं होतं, काहीतरी चुकलंय. पण नवाकोरा समीक्षक, 'मला कळलं नाही' कसं लिहिणार? म्हणून त्याने ते थोर ठरवलं. पत्र खरं आहे हे ओळखूनच तो त्याच्यावर एवढा तुटून पडला होता. त्याला स्वतःची शरम वाटली, आणि आता तर तो एका म्हातारीच्या मागे लपायला निघाला होता.

"डोलोरेस," तो हळू म्हणाला, "तुम्ही बरोबर होतात. मला तेव्हाच कळलं होतं."

तिने मान डोलावून कॉफीचा एक घोट घेतला.

ही बाई एकेक सिनेमा वीस-वीसदा पाहत आली होती, आणि आपण तिला एकदाही विचारलं नाही. "आज कसा वाटला तुम्हाला? खरं सांगा. मी छापतो, तुमच्या नावानं."

डोलोरेस ओशाळून हसली. कप खाली ठेवून तिने कोटाची बटणं लावायला घेतली.

"छे रे. मला काय कळतं सिनेमातलं?"

आवाजात टोमणा असता तर बरं झालं असतं. नव्हता.