छत्तीसचे अडतीस

मित्रांनो, मी एक जुना कॅमेरा आहे आणि मला स्वस्थ बसणं जमत नाही. आत्ताही अलेक्झांड्रियातल्या बहरी भागात, तिसऱ्या मजल्यावरच्या एका गॅलरीत खुर्चीवर पडलो आहे. नऊ वाजायला आले आणि माझ्या मालकाची, फिक्रीची दाढी अजून आटपत नाही. तोवर माझी गोष्ट सांगून टाकतो.

माझा जन्म एका थंड मुलुखातल्या कारखान्यात झाला. डोक्याला रुमाल बांधलेल्या बायका माझे स्क्रू पिळत होत्या. खोक्यात घालण्यापूर्वी त्यांच्यातल्या एकीने मला डोळ्याला लावून खिडकीच्या काचेवरचं बर्फ पाहिलं आणि ती स्वतःशीच हसली. मला वाटलं, आपलं आयुष्य असंच जाणार. पण मी एका खलाशाच्या हाती लागलो आणि त्याच्याकडून बंदरावर फिक्रीने मला विकत घेतलं.

फिक्री ट्राममध्ये तिकीट तपासनीस होता. त्याने माझ्यासाठी चामड्याची पिशवी शिवून घेतली, काच पुसायला मऊ फडकं आणलं. माझे लाड पुष्कळ झाले, पण बाहेर काढायचा तो फक्त लग्नात आणि ईदला. "हलू नका! श्वास रोखा!" असं तो ओरडायचा आणि माणसं खांबासारखी उभी राहायची. चौदा वर्षं मी श्वास रोखलेली माणसं पाहिली. त्यांच्यात फिक्रीची बायको इनायतही असायची, नेहमी उजव्या कोपऱ्यात, ओठ मिटून.

फिक्रीला एका गोष्टीचा फार अभिमान होता. छत्तीस फोटोंच्या रोलमधून तो अडतीस काढायचा. बाकीचे लोक फिल्मचं टोक चांगलं लांब ओढून रिळाच्या खाचेत घालतात. फिक्री नखभर टोक अडकवायचा आणि झाकण लावायचा; वाचलेल्या फिल्मवर दोन फोटो जास्त निघायचे. शेजारी म्हणायचे, "उस्ताद फिक्रीच्या हाताला बरकत आहे!" आणि हा मिशीवरून हात फिरवायचा.

मग इनायतचे डोळे बिघडले. काचबिंदू होता. कडेचं दिसणं गेलंच होतं, मधलंही हिवाळ्यापर्यंत जाईल, असं डॉक्टरांनी सांगितलं. घरी आल्यावर तिने मासे-भात केला, फिक्रीला वाढला आणि म्हणाली, "अबू वजीह, तो कॅमेरा दे मला."

(वजीह त्यांचा मुलगा. त्याचा बाप म्हणून ती नवऱ्याला अबू वजीह म्हणते.)

"तुला? आता?"

"मग कधी, डोळे गेल्यावर? तसंही मला आता त्याच्या खिडकीएवढंच दिसतं. आमची जोडी जमेल."

फिक्रीने नवा रोल भरला. सवयीप्रमाणे नखभर टोक अडकवलं आणि फिल्म पुढे सरकवायची दांडी ओढली. त्याच क्षणी मला आत कळलं की टोक सुटलं! फिल्म सरकली की माझं डावीकडचं गोल बटण आपोआप फिरतं. ते फिरलं नाही. फोटो मोजणारा आकडा मात्र एकाने पुढे गेला. मी ओरडणार कसा? मला डोळा आहे, तोंड नाही.

ते महिने मी तळमळून काढले. एक तर फिल्म जागची हलत नव्हती, आणि त्यात इनायत मला जे दाखवत होती ते मी जन्मात पाहिलं नव्हतं. पिवळ्या भिंतीवर ओल्या सदऱ्याची सावली. चहाच्या पेल्यातून मेणकापडावर सांडलेलं तांबडं ऊन. दोरीला बांधून गॅलरीतून खाली सोडलेली टोपली, आणि त्यात एकेक अंडं जपून ठेवणारा खालचा वाणी, अम्म शहाता, म्हणजे शहाताकाका. ती घाई करत नसे. आठवड्यात एखादा फोटो काढायची आणि त्याच्यासाठी सकाळभर ताटकळायची. दर फोटोला वाटे, आता तरी बटण फिरेल. ते फिरत नव्हतं.

"चपलांचा फोटो?" फिक्री एकदा कपाळाला हात लावून म्हणाला. "अगं, समोर एवढा समुद्र पडलाय!"

"समुद्र सगळेच काढतात. तुझ्या चपला कोण काढणार?"

हिवाळ्यात तिचं दिसणं संपलं. आकडा सदतिसावर होता. फिक्रीने मला उचललं, एक फोटो काढला. "बघ, अडतीस!" मग एकोणचाळीस. मग चाळीस. रोल संपला की दांडी अडते, पण ती अजून मोकळी ओढली जात होती. त्याचा चेहरा उतरला.

स्टुडिओवाल्या लबीबने काळ्या पिशवीत हात घालून मला उघडलं आणि म्हणाला, "उस्ताद, फिल्म तशीच आहे. कोरी. टोकच सुटलंय. भरली कोणी होती?"

फिक्रीने रोल तिथेच टाकला, मला उचललं आणि तो घरी निघाला.

घरी इनायत वाटच पाहत होती. "आले फोटो?"

"आले." त्याने लग्नाच्या जुन्या फोटोंचं पाकीट काढलं आणि आवाज व्हावा म्हणून चाळू लागला. "हा बघ समुद्र. झकास आलाय."

"मी समुद्र काढला नव्हता."

"मग ही… ही टोपली."

"दोरी कोणत्या रंगाची आहे?"

तीस वर्षं ती दोरी त्याच्या नाकासमोरून खालीवर होत होती. त्याला सांगता येईना. पाकीट खाली ठेवून तो रडला आणि सगळं बोलून गेला. इनायत दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही. मला तिचा राग पटला होता.

तिसऱ्या दिवशी नऊला खालून शहाताची हाक आली. "अबू वजीह," ती म्हणाली, "कॅमेरा घे आणि गॅलरीत जा. काय दिसतं ते मला सांग. आणि खबरदार, समुद्र सांगशील तर!"

त्याने मला रिकामाच डोळ्याला लावला. "टोपली आहे. खाली चाललीय."

"कशी?"

"डावीकडे कलतेय जरा. दोरी निळी आहे. मध्ये… मध्ये हिरवी गाठ आहे गं!"

"वजीह शाळेत जायला लागला त्या वर्षी मारली होती मी. पुढे?"

तेव्हापासून फिक्रीही माझ्यासारखाच झाला आहे, एका जागी टिकत नाही. रस्त्यात काही दिसलं की ते विसरण्याआधी तीन जिने धापा टाकत चढतो. "इनायत, ऐक, कलिंगडवाल्याच्या गाढवाने टोपी घातलीय!" असं दारातूनच ओरडतो. काल तर तो लबीबकडून तोच कोरा रोल घेऊन आला, टोक वीतभर ओढलं, बटण फिरतंय का ते दोनदा पाहिलं. दोन फोटो वाया गेले. गेले तर गेले!

मित्रांनो, तुमच्याही कपाटात माझा एखादा भाऊबंद पिशवीत घालून ठेवलेला असेल. लग्नकार्याची वाट पाहू नका. त्याला बाहेर काढा आणि आपल्या रोजच्या दोरीचा रंग एकदा नीट बघून घ्या.

आला, फिक्री आला. कानाला साबणाचा फेस तसाच. त्याने मला उचललं, पण गॅलरीत थांबला नाही. आत जाऊन पीठ मळत बसलेल्या इनायतसमोर उभा राहिला. "हलू" एवढं त्याच्या तोंडून निसटलं आणि पुढचं त्याने गिळलं.

"गप्प का झालास? काय दिसतंय?" तिने विचारलं.

"तू. डाव्या गालाला पीठ लागलंय."

"इथे?" ती हसत हसत गाल चाचपू लागली.

"वर, आणखी वर. नको, राहू दे. छान दिसतंय."

त्याने फोटो काढला, दांडी ओढली, आणि माझं डावीकडचं बटण फिरलं.