मोतीबिंदूच्या आधीचा फोटो

शंभर दिवस, रोज एक फोटो, असं मैत्रीनं ठरवलं होतं. सत्तावन्न दिवस झाले तरी त्यात माणसाचा एकही चेहरा नव्हता. कुलपं झाली, सायकलींच्या सावल्या झाल्या, हडपसरच्या मंडईतले कोथिंबिरीचे ढीग झाले, मांजरी गावच्या रस्त्यानं धावणाऱ्या बसच्या खिडक्या झाल्या. दर आठवड्याला ती स्वतःलाच एक नवा नियम घालून द्यायची. एक आठवडा फक्त खिडकीतला उजेड, एक आठवडा फक्त काळं-पांढरं, आणि हा आठवडा अगदी जवळून. कॅमेरा पायलआत्याचा होता. आत्यानं तो हौसेनं घेतला, दोनदा वापरला आणि "तूच वापर बाई, माझ्याच्यानं होत नाही" म्हणून भाचीच्या गळ्यात अडकवला.

चेहऱ्याची मात्र मैत्रीला धास्तीच होती. आठवीतल्या स्नेहसंमेलनात तिनं फोटो काढले होते आणि अख्ख्या कोळीनृत्याची डोकी उडवली होती. तेव्हापासून शेफाली तिला वर्गात सगळ्यांदेखत 'शिरच्छेद स्टुडिओ' म्हणायची. शेफाली पक्की मैत्रीण असल्यामुळे तिच्यावर रागावताही येत नव्हतं.

आणि नेमक्या त्याच शेफालीच्या आजीनं, सोजरबाईंनी, रविवारी दुपारी मैत्रीला बोलावणं धाडलं.

"पोरी, माझा एक फोटू काढ," सोजरबाई म्हणाल्या. "उद्या डोळ्याचं आपरेशन हाय. मोतीबिंदू."

"अहो आजी, त्याला पंधरा मिनिटं लागतात फक्त!"

"लागू देत की. टेबलावर गेल्यालं माणूस हाय, काय सांगावं? मागं भिंतीवर लावाया फोटू नगं का?"

मैत्रीनं भिंतीकडे पाहिलं. तिथं सोजरबाईंचे मालक, दत्तोबा, हारात टांगलेले होते. जन्मभर धोतर आणि टोपीशिवाय दुसरं काही न घातलेले दत्तोबा फोटोत निळा कोट आणि लाल टाय घालून बसले होते. घरात त्यांचा एकच फोटो होता, कुणाच्या तरी लग्नाच्या पंगतीतला. स्टुडिओवाल्यानं त्यातलं डोकं काढून आपल्याजवळच्या कोटावर बसवलं होतं.

"मला रोज वाटतं, ह्यो कोण सायेब आलाय घरात," सोजरबाई म्हणाल्या. "माझं तसं नगं व्हाया. ही पोरं आधार कार्डावरला फोटू मोठा करून लावत्याल. त्यो बघून यमबी माघारी जाईल."

"मग तर तोच लाव ना आजी, फायद्याचाय," शेफाली म्हणाली.

"गप ए. तू काढ गं मैत्री."

नाही कसं म्हणणार? मैत्रीनं सोजरबाईंना कॅलेंडरच्या भिंतीपुढे खुर्चीवर बसवलं. त्यांनी डोक्यावरून पदर घेतला, चष्मा काढून ठेवला, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि श्वास असा रोखून धरला, की मैत्रीलाच गुदमरायला झालं. तिनं एकवीस फोटो काढले. कॅमेऱ्याच्या इवल्याशा पडद्यावर सगळे झकास दिसत होते. डोकंसुद्धा सगळ्यांत जागेवर होतं! मैत्री सायकलवरून घरी आली ती जवळजवळ उडतच.

संध्याकाळी लॅपटॉपवर लावलेली आईची बुद्धवंदना आटपली, तो रिकामा झाला आणि मैत्रीनं पहिला फोटो मोठा करून उघडला.

भिंतीवरचं कॅलेंडर तिथी-नक्षत्रासकट लख्ख दिसत होतं. सोमवारच्या चौकटीत कुणीतरी पेनानं लिहिलेलं 'डोळा' हा शब्दही वाचता येत होतं. आणि त्याच्यापुढे सोजरबाई होत्या, धुक्यात बसल्यासारख्या. दुसरा फोटो तसाच. पाचवा, बारावा, एकविसावाही तसाच.

लेन्सच्या कडेला एक बारीक खटका असतो. तो एका बाजूला ठेवला की कॅमेरा आपला आपण फोकस करतो, दुसऱ्या बाजूला ठेवला की ते काम हातानं करावं लागतं. शनिवारी उसाच्या पानावरचं दव जवळून काढताना मैत्रीनं तो हाताच्या बाजूला सरकवला होता, आणि तो तिथंच राहिला होता; फोकसचं कडं मात्र पिशवीत घासून लांबच्या अंतरावर फिरलं होतं. दोन महिने उजेडाशी झटापट करणाऱ्या पोरीनं खटका बघितला नाही! सकाळी पावणेआठला रिक्षा येणार होती.

तिनं शेफालीला फोन लावला.

"हात्तिच्या," सगळं ऐकून शेफाली म्हणाली. "देऊन टाक की तसाच. आजीला तरी कुठं दिसतंय? तिला सगळं जगच असं दिसतं."

मैत्रीनं फोटोकडे पुन्हा पाहिलं. खरंच की. मोतीबिंदूच्या डोळ्यांना हा फोटो अगदी बरोबर वाटला असता. सोजरबाई समाधानानं रिक्षात बसल्या असत्या आणि कुणाला काही कळलंही नसतं.

"आणि ऑपरेशन झाल्यावर दिसायला लागलं तर?"

"तेव्हा तर ती जिवंतच असेल ना! तेव्हा दुसरा काढ."

"आणि नसल्या तर?"

शेफाली एकदम बारीक आवाजात म्हणाली, "असं नको ना बोलू, मैत्री."

"मी सकाळी साडेसहाला येते. आजींना मीच सांगते."

सकाळी मैत्री वेळेवर पोचली. सोजरबाई ओट्यावर बसल्या होत्या. आंघोळ झालेली, डोक्याला तेल लावलेलं, पण चहा मिळालेला नव्हता, त्यामुळे सगळ्या जगावर चिडलेल्या. मैत्रीनं एका दमात सांगून टाकलं. आजी, माझं चुकलं, तुम्ही पुसट आलात आणि कॅलेंडर स्वच्छ आलं.

सोजरबाईंनी तिच्याकडे रोखून पाहिलं. "मंजी मी मेल्यावर लोकांनी तारीख बघायची व्हय?"

शेफाली फिस्सकन हसली. मैत्रीला हसावं की रडावं ते कळेना.

"आता उभी काय ऱ्हायलीस? रिक्षा यायच्या आत काढ."

मैत्रीनं आधी खटका बघितला. मग पुन्हा बघितला. मग शेफालीलाही बघायला लावला. आज तिनं कॅलेंडरच्या भिंतीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. खिडकीच्या आठवड्यात एक गोष्ट तिला नीट कळली होती : उजेड समोरून आला की चेहरा सपाट होतो, बाजूनं आला की चेहऱ्यातलं माणूस दिसतं. तिनं खुर्ची पूर्वेच्या दाराशी आडवी लावली. एक गाल उजळला, दुसरा मात्र फारच काळा पडला. म्हणून शेफालीच्या हातात पांढरी चादर दिली आणि ती त्या बाजूला पसरून धरायला सांगितली, म्हणजे दाराचा उजेड चादरीवर पडून तिकडच्या गालावर येईल.

"वर धर. अजून. थोडी आत घे."

"माझे हात भरून आलेत! शिरच्छेद स्टुडिओत पगार मिळतो का?"

सोजरबाईंनी पुन्हा श्वास रोखला आणि त्यांचा चेहरा दगड झाला. 'हसा' म्हणून काही उपयोग नाही, हे काल एकवीस वेळा सिद्ध झालं होतं. मैत्रीनं कॅमेरा डोळ्याला लावला, त्यांच्या उजव्या डोळ्यावर फोकस धरला आणि विचारलं, "आजी, दत्तोबाआजोबांनी तो टाय बघितला असता तर काय म्हणाले असते?"

सोजरबाईंनी क्षणभर विचार केला. "म्हनले असते, ह्यो कासरा कुनी बांधला माझ्या गळ्यात!"

आणि त्या हसल्या. पुढचे दोन दात नसलेलं, खांदे हलवणारं हसू. पदर डोक्यावरून घसरला. मैत्रीनं बोट दाबलं, पुन्हा दाबलं.

मग तिनं कॅमेऱ्याचा पडदा जवळ धरला आणि फोटो मोठा केला. आणखी मोठा केला. पापणीचा एकेक केस दिसत होता. बुबुळात दाराची उजळ चौकट दिसत होती आणि त्या चौकटीशेजारी कॅमेरा धरलेली एक चिमुकली मैत्रीसुद्धा. तिनं भस्सकन श्वास सोडला. कालपासून ती तो घेतच नव्हती बहुतेक. ती तिथंच उंबऱ्याशी फतकल मारून बसली. शेफालीनं चादर टाकून दिली आणि पडद्यात डोकं घातलं.

"आई शप्पथ," ती म्हणाली, आणि पुढे काही टोमणा आलाच नाही.

रिक्षा आली. सोजरबाई चढल्या.

दुपारी एकला, शाळेच्या मधल्या सुट्टीत, बाईंच्या मोबाईलवर शेफालीच्या आईचा फोन आला. सगळं नीट झालं होतं. सोजरबाई डोळ्याला पट्टी लावून बसल्या होत्या आणि दवाखान्यातला चहा पांचट आहे म्हणून नर्सशी भांडत होत्या. दोघी मैत्रिणींनी वर्गाबाहेर एकमेकींना अशी मिठी मारली, की दोन डबे खाली पडले.

पट्टी मंगळवारी निघाली. मैत्री फोटोची छापील प्रत घेऊन गेली. सोजरबाईंनी ती हातभर लांब धरली, मग जवळ आणली, मग मोकळ्या झालेल्या डोळ्यानं त्या नुसत्या बघत राहिल्या. इतका वेळ, की मैत्री पुन्हा श्वास घ्यायची विसरली.

"सुरकुत्या लई हायत गं."

"मोबाईलवर काढता येतात," शेफाली म्हणाली.

"काढतीस कशापायी? फुकट आल्यात का त्या?" सोजरबाई खेकसल्या आणि फोटो घेऊन तरातरा अंगणात गेल्या. शेजारच्या दुर्गाबाई मेथी निवडत होत्या. त्यांच्या मेथीवरच तो फोटो ठेवून सोजरबाई म्हणाल्या, "बघ दुर्गे. आन् हात पूस आधी."