उलट्या वाळवलेल्या पँटी

अंगणात सात जीन्स होत्या, सगळ्या गडद निळ्या. प्लास्टिकचे दोन टब, एक बादली, ब्लीचचा एक कॅन, आणि टबापासून बकरीच्या खुंट्यापर्यंत गेलेला निळसर फेसाचा ओघळ. पुष्पाने हे सगळं मोजलं आणि ताटातल्या भाकरीकडे पुन्हा पाहिलं. भाकरीवर पांढऱ्या चामडीची एक खपली होती. सासूच्या बोटाची.

तिने ताट बाजूला सरकवलं.

"काहून वं, जेवत नाही?" चुलीपासून रुपीबाईने विचारलं.

"भूक नाही, याडी." नवरा आईला याडी म्हणायचा, म्हणून तीही म्हणायची.

भूक होती. पण भाकरीलाही ब्लीचचा वास येत होता. महिनाभर या घरात प्रत्येक वस्तूला तोच वास होता: लोट्याला, उशीला, वरणाला. बीएस्सीला असताना प्रयोगशाळेत हा वास तिने खूप घेतला होता. तिथे तास संपला की माणूस बाहेर पडायचा. इथे तो पिठात मळला जात होता.

तिचा नवरा शाम बोरी अरबच्या बाजारात कपड्यांचं दुकान मांडायचा. पोरांना हव्या असायच्या मांडीवर रंग उडालेल्या, जुनाट दिसणाऱ्या पँटी. त्या महाग पडतात म्हणून शाम गडद माल आणायचा आणि आईकडून घरीच फिका करून घ्यायचा. रुपीबाई ब्लीचच्या पाण्यात कोपरापर्यंत हात घालून बसायची. तिच्या तीन बोटांची टोकं सोलली होती. कांचळीवर, आपल्या चोळीवर, आरसे टाकणं तिने सोडलं होतं, कारण सुई धरवत नव्हती. तिखटाला हात लागला की ती फक्त श्वास ओढायची.

"याडीचे हात पाह्यले का तुमी?" शाम जेवायला बसला तेव्हा पुष्पाने विचारलं.

"हातमोजे आणून देल्ले होते न."

"पह्यल्याच दिवशी फाटले ते. अन् हे भाकरीत काय निघालं, पाहा."

शामने पाहिलं, खपली चिमटीत उचलली, बाजूला टाकली आणि त्याच भाकरीचा तुकडा मोडला. पुष्पाला त्या चिमटीचीच किळस आली.

"तुह्या नाकाले डिग्री चिकटली हाये," तो खात खात म्हणाला. "साऱ्या तांड्यात कोणाले वास येत नाही, तुलेच येते."

"बकरीलेही येते. तिनं त्या बाजूचं पाणी तोंडाले लावलं नाही."

"मंग बकरीलेही बीएस्सी करून टाक!"

रुपीबाई चुलीशी हसली, मग हसू गिळून तिने सुनेकडे पाहिलं.

"ब्लीच न घालता फिक्या करून दाखवतो मी," पुष्पा म्हणाली. "वाळू, विटकर अन् ऊन. याडीच्या हाताले काही होणार नाही."

"मोबाइलवर दाखवतात, लिंबू चोळतात म्हणे," शाम म्हणाला.

"लिंबानं हा रंग तुटत नाही. घासल्यानं उडते, अन् उन्हानं."

"बरं. उद्या सांजपर्यंत कर. परवा बाजार हाये. नाही झालं तर कॅन उघडला अन् याडी बसली टबापाशी. मंग तोंड वाकडं करू नको."

दुसऱ्या दिवशी उजाडताच दोघी बसल्या. पुष्पाने ओल्या पँटीच्या मांडीवर वाळू टाकून विटकरीने घासलं, रुपीबाईने हाताला चिंधी गुंडाळून पाणी ओतलं. प्रत्येक पँटीचा एक पाय पुष्पाने न घासता तसाच ठेवला, म्हणजे फरक ताडून पाहता आला असता. रंग सुटायला लागला होता, पण थोडाच. बाकीचं काम चैत्राच्या उन्हाने करायचं होतं. त्याच दिवशी तिची दारव्ह्याला टायपिंगची परीक्षा होती. निघताना तिने पँटी उन्हात टिनांच्या पत्र्यांवर पसरल्या.

"याडी, दोन-तीन डाव पाणी शिंपडा फक्त. कोरड्या पडू देऊ नका."

"जाय तू. मले काय नवं हाये का कपडे वाळवणं!"

ती परतली तेव्हा ऊन कलतं झालं होतं. टिनांवर काहीच नव्हतं. गोठ्याच्या सावलीत दोरीवर सातही पँटी टांगल्या होत्या, उलट्या. आतली पांढरट बाजू बाहेर, खिसे कुत्र्याच्या जिभांसारखे लोंबलेले. तिने एक सुलटी केली. सकाळच्या घासण्याचा पुसट डाग सोडला तर पँट दुकानातून आणल्यासारखी गडद होती.

"हे काय केलं, याडी?"

रुपीबाईने पँटीकडे पाहिलं आणि तिचा हात तोंडावर गेला.

"पाणी शिंपडाले गेलती मी. हातानं आपसूकच उलट्या केल्या वं. ध्यानातच नाही आलं. उन्हानं कापड मरते म्हणून..."

पुष्पाला राग यायला हवा होता. पण शामच्या शाळेची एकच निळी चड्डी याच हातांनी उलटी करून सावलीत वाळवली होती आणि ती दोन भावांना पुरली होती, हे तिने कितीदा तरी ऐकलं होतं. नवं कापड मुद्दाम मारायचं, हे त्या हातांना कसं कळणार? तिला किळस आली ती त्या लोंबत्या खिशांची, बाजाराची, आणि आता जे होणार होतं त्याची.

शाम आला. दोरीकडे पाहून खदखदून हसला.

"वा! सायन्स उलटंच टांगलं! याडी, चाल, टब भर."

रुपीबाई उठली. टबापर्यंत गेली आणि थांबली. दोन्ही हात तिने ओढणीत गुंडाळून घेतले.

"नाही," ती म्हणाली.

"काय नाही?"

"माहे हात नाही घालत मी त्याच्यात. तुह्या पँटी, तू धू."

आवाज चढलेला नव्हता. ती ओट्यावर जाऊन बसली. शामने बायकोकडे पाहिलं. पुष्पा जागची हलली नाही.

"दोघींनी मिळून ठरवलं वाटते," म्हणत त्याने टबात ब्लीच ओतलं, एक पँट बुडवली आणि दाबायला हात घातला. सकाळी किमतीच्या चिठ्ठ्या लावताना त्याच्या बोटात टाचणी घुसली होती, तिथे ब्लीच झोंबलं. तो झटकन मागे सरला, हात झाडला, नाकाशी नेला आणि तोंड वेडंवाकडं केलं. भिंतीला पुसला, मग पँटीला पुसला. वास गेला नाही.

रुपीबाईने ओट्यावरूनच पायाने विटकर त्याच्याकडे ढकलली.

त्याने ती उचलली. मग त्याने दोरीवरची एक पँट ओढली, सुलटी केली, दगडावर पसरली आणि वाळूची मूठ टाकली.

दिवस मावळला तेव्हा पुष्पाने मोजलं. त्या पँटीच्या उजव्या मांडीवर एक वीत लांब आणि चार बोटं रुंद पट्टा फिका झाला होता.