बेटावरची बिजागरी

बसा साहेब, पुढेच बसा. मागच्या सीटवर बसलं की माणसाला उगाच आपण मोठे झाल्यासारखं वाटतं. विमानतळ येईपर्यंत एक गोष्ट सांगतो. तुम्ही हिशेबाच्या खात्यात नवे. मालकांनी तुमच्या हातात एक कागद दिला आणि म्हणाले, बेटावर जा, माझ्या मेहुण्याची सही आणा. बाकीचं ते सांगणार नाहीत, नाक कापलं गेलंय ना त्यात.

आपला कारखाना उभा आहे तो दार आपटू न देणाऱ्या बिजागरीवर. कितीही जोरात ढकला, दार शेवटी मांजरासारखं गुपचूप मिटतं. ती मालकांनी स्वतः लेथवर उभं राहून काढलेली. मी तेव्हा टेम्पो चालवायचो. सुरुवातीच्या बिजागऱ्या तर उलट्याच वागायच्या, दार मिटवा म्हटलं की उघडायच्या. पण हा माणूस हटला नाही.

मग धंदा वाढला, फायदा वाढला, आणि टॅक्स भरताना मालकांच्या पोटात दुखायला लागलं. अशात एक सल्लागार आला. गुळगुळीत माणूस, त्याचे बूटसुद्धा आवाज करायचे नाहीत. तो म्हणाला, बिजागरी इथेच बनवा, पण तिची मालकी एका बेटावरच्या कंपनीला देऊन टाका. तिथे टॅक्स जवळपास नाहीच. आपला कारखाना दर बिजागरीमागे त्या बेटाला रॉयल्टी देणार, म्हणजे डिझाइन वापरायचं भाडं. भाडं एवढं की इथे फायदा उरायलाच नको. पैसा या खिशातून त्या खिशात, आणि त्या खिशाला सरकारचा हात पुरत नाही.

मालकांनी विचारलं, बेटावर बसवू कुणाला? तो म्हणाला, घरचंच पण बिनकामाचं माणूस बघा. तसा एक होताच, वहिनींचा, म्हणजे मालकीणबाईंचा, धाकटा भाऊ. चार दिवस म्हणून आला आणि ठाण मांडून बसला, म्हणून कारखान्यात सगळे त्याला पाहुणा म्हणायचे. त्याला कोट शिवला, कंपनी त्याच्या नावावर केली आणि विमानात बसवला. ऑफिस कुठे, तर दातांच्या दवाखान्याच्या वर. एक टेबल, एक फोन, आणि खिडकीतून पार्किंग. बेटावर राहून समुद्र दिसत नव्हता बिचाऱ्याला.

दोन वर्षं बरं चाललं. मग टॅक्सच्या मॅडमनी मालकांना आणि पाहुण्याला समोर बोलावलं. त्यांना एवढंच बघायचं होतं की बेटावर खरंच कुणी काही ठरवतं की नुसती पाटी लावलीय. पाटीच असेल, तर सगळा फायदा इथलाच धरणार. सल्लागारानं दोघांना पढवून ठेवलं. मी नमुन्यांचे खोके उचलून आत गेलो होतो, म्हणून सगळं डोळ्यांनी पाहिलं.

निर्णय कोण घेतं, असं मॅडमनी विचारलं. मालक छातीवर हात ठेवून म्हणाले, "मी नुसता बनवणारा हो. डोकं सगळं यांचं. यांनी नको म्हटलं तर मी एक स्क्रू हलवत नाही."

मी पाहुण्याकडे बघत होतो. तो खुर्चीत बसल्या बसल्या उंच झाला. मॅडमनी सगळं लिहून घेतलं. पण खरं लिहून घेतलं ते पाहुण्यानं.

बेटावर परत गेल्या गेल्या त्यानं हुकूम काढला, बिजागऱ्या सोनेरी करा. मालकांनी फोनवर त्याची यथेच्छ पूजा बांधली. तो म्हणाला, "भाऊजी, लेखी कळवा." मग हॉस्पिटलच्या दारांची ऑर्डर आली. जड दारं, त्यांना मोठी बिजागरी लागणार. मालक कोट काढून परत लेथवर उभे राहिले, हात काळे केले, बिजागरी तयार केली. पण मूळ डिझाइन बेटाचं, म्हणजे परवानगीही बेटाची. पाहुण्यानं कळवलं, विचार करतो.

आता ह्याला हाकलणार कसं? कोर्टात जायचं तर सांगावं लागणार की हे नुसतं बुजगावणं आहे. आणि तसं सांगितलं की मॅडम दारात. सल्लागारानं तेव्हापासून फोन उचलणं सोडलं.

ऑर्डर हातची चालली होती, पण मालकांचं दुखणं वेगळंच होतं. मला गाडीत म्हणाले, "माझी पोर आहे रे ती. आणि तिला घराबाहेर न्यायला मला त्या ठोंब्याची परवानगी लागते."

एक दिवस म्हणाले, गाडी टॅक्स ऑफिसला घे. आत जाऊन मॅडमना सांगितलं, मी खोटं बोललो, ठरवणारा मीच, फायदा इथलाच, काय तो टॅक्स आणि दंड लावा. मॅडमना वाटलं माणसाची तब्येत बिघडलीय, पाणी मागवलं. मग टॅक्स लावला, दंडासकट, अगदी प्रेमानं. मालक म्हणाले, आता माझी बिजागरी मला द्या. तशा मॅडम म्हणाल्या, "टॅक्स घेणं माझं काम. मेहुण्याकडून वस्तू परत आणणं तुमचं घरगुती."

झालं. टॅक्सही गेला आणि बिजागरी तिकडेच. कागदोपत्री कंपनी पाहुण्याचीच, आणि कोर्टात गेलं तर वर्षं जाणार. वहिनींनी याच गाडीतून भावाला फोन लावला. रडून झालं, ओरडून झालं. तो म्हणाला, "ताई, तुझ्या घरात एवढी वर्षं काढली. पंखा किती वर ठेवू, एवढंसुद्धा कुणी मला विचारलं नाही." वहिनींनी फोन ठेवून दिला. खोटं काय होतं त्यात? तो बाहेर गेला असताना त्याची खोलीसुद्धा परस्पर बदलून टाकली होती यांनी.

आलं बघा विमानतळ. थांबा, बॅग मी काढतो. साहेब, माझं एक काम करा. तिथे पोचल्या पोचल्या बिजागरी परत मालकांच्या नावावर करायचा तो कागद काढू नका. आधी बसा त्याच्यापुढे, आणि विचारा, हॉस्पिटलच्या दाराला बिजागरी कशी असावी, तुमचं काय म्हणणं आहे? येडपटासारखंच काहीतरी बोलेल तो, सोनेरीवर अडून बसेल. पण हसू नका. त्याच्या डोळ्यांदेखत लिहून घ्या, आणि सहीचं मग काढा.